बसमध्ये तपासलेलं प्रूफ पीडीएफवर चढवताना

मी बेळगावात एका डीटीपीवाल्यांकडे प्रूफं बघते. लग्नपत्रिकेपासून स्मरणिकेपर्यंत जे येईल ते, मराठी माझ्याकडे आणि कन्नड आलं की शेजारच्या टेबलवरची मुलगी बघते. राहायला खानापूर. रोज जाऊन येऊन दोनेक तास बसमध्ये जातात, त्यात कागदाचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसणं काय जमत नाही, पावसाळ्यात तर नाहीच, खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मोबाईलवर वाचलं की डोळे चुरचुरतात. म्हणून एक जुना किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला, मजकूर त्यात टाकायचा, चूक दिसली की बोट फिरवून हायलाइट करायचं. मच्छे, पिरनवाडी येईपर्यंत आरामात पाच-सात पानं होतात.

इथवर छान. पण दुकानातला ऑपरेटर दुरुस्त्या करतो त्या पीडीएफवर बघून, कारण पानं त्यात लागलेली असतात, आणि लेखकालाही तीच पीडीएफ जाते. मग संध्याकाळी एका हातात किंडल, समोर पीडीएफ, एकेक ओळ शोधायची आणि माऊसने परत पिवळी करायची, म्हणजे एकच प्रूफ दोनदा बघायचं. गेल्या वर्षी एका निवृत्त सरांचं आत्मकथन आलं, १८४ पानं, माझे हायलाइट २१२. ते चढवायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि मान अशी धरली की तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, भावाचा मुलगा. तो म्हणाला, "आत्या, हे काय करत बसलीस, पायथनने पाच मिनिटांत होतंय की." पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, आणि ते पाच मिनिटं म्हणजे आमचे चार रविवार.

पहिलं काम सोपं निघालं. किंडल केबलने जोडला की त्यात माय क्लिपिंग्ज नावाची एक साधी टेक्स्ट फाईल असते, सगळे हायलाइट त्यातच एकाखाली एक. वर पुस्तकाचं नाव, खाली लोकेशन, म्हणजे ती जागा पुस्तकात कुठं आहे त्याचा आकडा, आणि तारीख, एक रिकामी ओळ, मग मजकूर आणि शेवटी बरोबरची (=) दहा चिन्हं. त्या दहा चिन्हांवर फाईल तोडायची की झालं. फक्त एक भानगड, हायलाइट लांबवला तर जुना तसाच राहतो आणि नवा खाली जमा होतो, पुसलेलाही फाईलमधून जात नाही. त्यामुळे लोकेशन एकमेकांवर चढणारे शोधून त्यातला शेवटचा तेवढा ठेवायचा. नोटा वेगळ्या येतात, पण नोटेचं लोकेशन म्हणजे हायलाइट जिथं संपतो ते, त्यावरून जोडी लागते. नोटेत मी एकच इंग्रजी अक्षर टाकते, एच म्हणजे ऱ्हस्व कर, डी म्हणजे दीर्घ, एक्स म्हणजे काढून टाक. बसमध्ये उभ्याने एवढंच जमतं.

मग भाच्याने पायमूपीडीएफ नावाची लायब्ररी, म्हणजे पायथनसाठीचा तयार कोड, घेतली, तिच्यात पानावर मजकूर शोधायची सोय आहे, सापडला की त्या जागेचा चौकोन मिळतो आणि त्यावर हायलाइट टाकता येतो. कॉलेजच्या एका इंग्रजी पीडीएफवर त्याने करून दाखवलं, खरंच पाच मिनिटं लागली, मी चहा टाकायला उठले तर तेवढ्यात झालं पण. सरांच्या पुस्तकावर चालवलं. शून्य. २१२ मधला एकही नाही.

तो वैतागला, पण मला कारण लगेच कळलं, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. आमच्याकडे मराठी अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत लागतं, कन्नड नुडीच्या. पानावर सुंदर मराठी दिसतं पण आत युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनांना कळणारी अक्षरं, नसतोच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. त्या पीडीएफमधून 'मराठी' हा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर अंडरस्कोअरने सुरू होणारी भेळ मिळते. किंडलमध्ये टाकताना मी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेते, म्हणजे हायलाइट एका लिपीत आणि पीडीएफ दुसऱ्याच. दोघांची ओळख लागणार कशी.

हायलाइट उलटे श्रीलिपीत करून शोधायचं असं एक रविवार बघितलं. थोडे सापडले, पण ओळ मोडली किंवा जोडाक्षर वेगळ्या तुकड्यांनी बनलं की गाडी अडायची. शेवटी ठरवलं, पीडीएफच्या आतल्या अक्षरांकडे बघायचंच नाही. प्रत्येक पानाचं ३०० डीपीआयचं चित्र काढायचं, टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या (ओसीआर) प्रोग्रामला, मराठीचा डेटा देऊन ते वाचायला लावायचं, तो प्रत्येक शब्दासोबत त्याची जागा पण देतो, आणि मग माझा हायलाइट त्या शब्दांच्या रांगेत अंदाजे जुळवायचा, अक्षरश: नाही तर शेकडा अमुक इतकं साम्य असलं की चालेल असं.

पहिल्यांदा पिवळे पट्टे पानाच्या बाहेर गेले. चित्रात मोजमाप पिक्सेलमध्ये, इंचाला ३००, पीडीएफमध्ये पॉइंटमध्ये, इंचाला ७२, म्हणजे प्रत्येक आकडा ०.२४ ने गुणायचा राहिला होता. ही चूक भाच्याची. त्याआधी त्याने दुसऱ्या एका लायब्ररीने प्रयत्न केला होता तेव्हा वरच्या ओळीचा पट्टा खाली आणि खालचा वर, कारण पीडीएफचं शून्य डाव्या खालच्या कोपऱ्यात असतं आणि चित्राचं वरच्या. पायमूपीडीएफ ते आपणहून सांभाळते.

आता खरी गंमत. मी हायलाइट करते ती चूक. कुणी 'आणी' लिहिलंय, मी त्या एका शब्दावर बोट फिरवलंय. ओसीआर वाचताना शहाणपणा करून त्याचं 'आणि' करून ठेवतो! म्हणजे मला जे दाखवायचंय तेच तो झाकतो, आणि 'आणि' तर पानावर वीस ठिकाणी. दुसरं असंच 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' या शब्दांचं. ते दोन तऱ्हांनी टाइप होतात, एकात साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ, डोळ्याला दोन्ही सेम, मशीनला वेगवेगळे शब्द. हे आम्ही जुळवायच्या आधीच एकसारखे करून घेतले. पण 'आणी'ला इलाज माझ्याच हातात होता, एका शब्दावर हायलाइट करणं मी सोडलं. आता चुकीच्या अलीकडचे-पलीकडचे मिळून सात-आठ शब्द धरते. आणि लोकेशनवरून पुस्तकात आपण कितव्या हिश्शात आहोत ते कळतं, तेवढ्यावरून पानाचा अंदाज घेऊन पुढची-मागची तीन पानंच शोधायची.

त्याच पुस्तकाचं दुसरं प्रूफ आलं तेव्हा १४३ हायलाइट होते. १३१ आपोआप चढले, बाकीचे मी हाताने केले, अर्ध्या तासात. मालकांना दाखवलं तर म्हणाले, "बरं झालं की, आता प्रूफं वाढवूया." माणसाचा वेळ वाचला की त्यात काम भरायचं हे मालकांना कुणी शिकवावं लागत नाही.

सरांना फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली. नोटा मी हायलाइटच्या कमेंटमध्ये घातल्या होत्या, क्लिक केलं की दिसतात. सरांनी क्लिक वगैरे काही केलं नाही, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सगळी १८४ पानं प्रिंट काढली, आणि प्रिंटमध्ये कमेंट आल्याच नाहीत. नुसते पट्टे, कशासाठी ते कुठंच नाही. मग आम्ही समासात नुसते आकडे टाकले, १, २, ३, आणि कुठल्या आकड्याला काय दुरुस्ती त्याची यादी वर्डमध्ये करून पीडीएफच्या शेवटी जोडली. हे आधीच करायला हवं होतं, पण सुचलं नाही.

दुसरी प्रिंट तपासून सरांनी परत आणून दिली, सगळ्या दुरुस्त्यांपुढे लाल बरोबरच्या खुणा. फक्त ६७ नंबरपुढे प्रश्नचिन्ह. आईवरचं एक वाक्य सरांनी दोन प्रकरणांत जसंच्या तसं घेतलंय, दोन पानांच्या अंतराने, चूक पहिल्यात होती आणि पट्टा बसला होता दुसऱ्यावर. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'यात काय चुकलंय, बाई?'

मी फोन केला. म्हटलं, काही नाही सर, ते वाक्य बरोबर आहे.