लिलावाची वही

रविवार, रात्र. पाय दुखतायत पण झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

आज चर्चमध्ये सुगीचा सण झाला. खानापूर साईडच्या लोकांनी नव्या भाताची पोती आणली, कुणी रताळी, कुणी भोपळे, एकानं पाय बांधलेला कोंबडा, आणि उपासनेनंतर नेहमीसारखा अंगणात लिलाव. अकरा वर्षं लिलावाची वही माझ्याकडं होती. या वर्षी एका पोरीला दिली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा सगळी कन्नड मिडीयमची.

द्यायला जीव होत नव्हता, खरं सांगते. पण गेल्या वर्षीचं मनात होतं. तरुण संघातल्या दोघांनी खुर्च्या लावल्या, मला रांगा वाकड्या वाटल्या आणि मी सगळ्यांसमोर परत लावल्या. बोलले काहीच नाही, फक्त लावल्या. पुढच्या रविवारपासून ती पोरं कामाला आलीच नाहीत, आणि मी मात्र घरी म्हणत राहिले की आजकाल सेवेला कुणी पुढं येत नाही. आठवलं की अजून पोटात कालवतं. या पोरांना आपण पगार थोडाच देतो, "हे काम माझं आहे" एवढंच काय ते त्यांना मिळतं, आणि मी तेच काढून घेतलं.

मागं चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या निर्गमचा १८ वा अध्याय घेतला होता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला, सासरा इथ्रो त्याला म्हणतो हे बरं नाही, तू पण थकशील आणि लोकं पण, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. इतकी वर्षं मी त्यातलं तू थकशील एवढंच ऐकत होते. लोकं पण थकतात हे या वेळी कानात शिरलं.

महिनाभर आधी तिला घेऊन बसले. वस्तू, नाव, रक्कम असे तीन रकाने दाखवले. तर ती म्हणते, "आंटी, पैसे नंतर देतो म्हणतात त्यांचं कुठं लिहायचं?" मी ते आजवर डोक्यातच ठेवत आले होते. तिनं स्केलपट्टी घेतली आणि चौथा रकाना पाडला.

आज लिलाव संपल्यावर वही बघितली तर सगळी नावं कन्नडमध्ये! मला बोलता येतं, वाचताना अडखळते. मराठीत लिही की गं, असं अगदी ओठावर आलेलं. पण आमच्यातली कितीतरी पोरं आता कन्नडच भराभर वाचतात आणि पुढं ही वही त्यांनाच चालवायची आहे, गप्प बसले. रोख रक्कम रुपयाला रुपया जुळली.

१८२० ला मिशनरी टेलरसाहेब लंडन मिशनकडून बेळगावात आले, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. तेव्हापासून दर रविवारी लवकर येऊन सतरंज्या कुणी झाडल्या, हिशोब कुणी लिहिले, ते कुणाला माहीत आहे? त्यांना पण कुणीतरी जवळ बसवून शिकवलंच असणार की.

चौथ्या रकान्यात तीन नावं राहिलीत. ती तिन्ही घरं माझ्या ओळखीची, एक फोन केला तर उद्याच पैसे येतील, मघाशी नंबर काढला पण होता. ती म्हणाली, "मीच जाते आंटी, पुढच्या रविवारी." नववीतल्या एका पोराला बरोबर नेणार आहे म्हणे, वही धरायला.