बँक बुडाली, गाई राहिल्या

बँकेत रांगेत उभं राहिलं की माझी नजर छताकडे जाते. तिथे बघण्यासारखं बहुधा काहीच नसतं. पांढरे चौकोन, ट्यूबलाइट, कोपऱ्यात कॅमेरा. त्यामुळे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना गावची बँक पहिल्यांदा फोटोत पाहिली तेव्हा चक्क हेवा वाटला.

१९०८ सालची ही नॅशनल फार्मर्स बँक. बाहेरून लाल विटांचा भक्कम ठोकळा, रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना प्रचंड कमानी आणि कडेनं निळ्या-हिरव्या टेराकोटाची किनार. आत रंगीत काचांतून झिरपणारा उजेड, आणि भिंतीवर गाई! बँकेच्या भिंतीवर गाई कशाला, असं क्षणभर वाटलं. पण गावाचं खरं भांडवल चार पायांवरच तर उभं होतं. शेतकऱ्यांना टेकायला इथे वेगळी खोली होती, बायकांसाठी वेगळी.

ठेवींना सरकारी विम्याचं कवच तिथे मिळालं ते १९३३च्या कायद्यानं. तोवर इमारत हाच जामीन. म्हणून बँका रोमन देवळांसारखे जाडजूड खांब मिरवायच्या. एवढा दगड काय रातोरात पळून जाणार आहे? ओवाटोनाचा वास्तुकार लुई सलिव्हन याला मात्र त्या खांबांचा मनस्वी तिटकारा. ओहायोतल्या सिडनी गावात एका संचालकानं खांबांची इच्छा बोलून दाखवली, तर म्हणे स्वारी नकाशा गुंडाळून निघालीच. खांबवाले वास्तुकार हजार मिळतील, असं वर ऐकवून! खांबाविनाच बँक झाली, हे विशेष.

शिकागोच्या गगनचुंबी इमारतींनी गाजलेला हा माणूस. उतारवयात मोठी कामं आटली आणि हाती आल्या त्या लहान गावांच्या बँका. लोक त्यांना दागिन्यांच्या पेट्या म्हणतात. १९२४मध्ये तो शिकागोतच, हलाखीत गेला. दोन वर्षांनी ओवाटोनाची बँकही बुडाली. त्याला हे काम देणारा कार्ल बेनेट हा संगीतवेडा बँकवाला होता. एरवी हिशेबी माणूस भिंतीवर गाई रंगवून घेईल?

पाटी बदलली, पण त्या वास्तूत पुढेही बँकच चालली. १९४०च्या सुमारास नूतनीकरणाच्या उत्साहात आतली मूळची बरीच मांडणी उखडली गेली. ‘जुनाट दिसतं’ हे दोन शब्द वाळवीपेक्षा जास्त खातात. नंतर लोकांना चुटपुट लागली आणि डागडुजी झाली. १९८१मध्ये तर इमारत १८ सेंटच्या टपाल तिकिटावर झळकली.

याच पेट्यांपैकी एक ओहायोतल्या नेवार्कची, १९१४ची. तिची कथा मला जास्त आवडते. तिथे बँकेनंतर खाटीक आला, जवाहिऱ्या आला, आइस्क्रीमवालाही येऊन गेला. त्या आइस्क्रीमच्या रांगेतलं एखादं पोर छताकडे बघत राहिलं असेल, आणि कोन हातावर वितळला असेल.