सलामिसला एवढं मोठं आरमार हरलं कसं?

ग्रीक-इराणी युद्धांचा विषय निघाला की थर्मोपायलीच्या 300 स्पार्टनांपाठोपाठ हा प्रश्न येतोच: जहाजं इराण्यांकडे जास्त, मग इ.स.पू. 480 मध्ये अथेन्सजवळच्या सलामिस बेटाच्या सामुद्रधुनीत ते हरले कसे? ‘अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस याने चकवलं’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं अर्धं सांगतो.

आधी जहाज बघा. ट्रायरीम, म्हणजे तीन मजली वल्ह्यांची तेव्हाची युद्धनौका, साधारण 37 मीटर लांब. वल्हेकरी 170: वरच्या रांगांत 62, मधल्या आणि खालच्या रांगांत 54-54. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, सव्वाचार मीटरच्या आसपास. खालच्या वल्ह्यांची भोकं पाण्यापासून इतकी जवळ, की त्यांना चामड्याच्या पिशव्या शिवाव्या लागत. नाहीतर लाट थेट आत. खालच्यांना बाहेरचं काही दिसत नाही, पाव्याच्या तालावर ओढत राहायचं. एकाचा ताल चुकला की त्याचं वल्हं शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आपटतं आणि तेवढी बाजू लुळी पडते.

या जहाजात झोपायला, रांधायला जागाच नाही. पाणीही मोजकंच मावतं. म्हणून रात्री किनारा गाठायचा, जमलं तर जहाज वर ओढायचं, माणसांना खाऊ-झोपू द्यायचं, हा नेम. थेमिस्टोक्लीसने नेमका तोच मोडायला लावला. आपल्या मुलांचा शिक्षक सिकिन्नस याच्याकरवी त्याने इराण्यांना निरोप धाडला, की ग्रीक रातोरात पळणार आहेत. इराणी आरमार मध्यरात्री निघालं, वाटा अडवून बसलं आणि उजाडेपर्यंत वल्ह्यांवरच राहिलं. ग्रीक सेनापती रात्रभर भांडत होते हे खरं, पण त्यांचे वल्हेकरी किनाऱ्यावर होते.

आता जागेचा हिशेब. सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम दीड किलोमीटर. वल्ह्यांसकट एक जहाज दहा-अकरा मीटर रुंद, मध्ये तेवढीच मोकळी जागा धरली तर एका रांगेत साठ-सत्तर जहाजं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या मते ग्रीकांची सुमारे 380 होती. इराण्यांचा त्याने दिलेला 1207 हा आकडा मोहिमेच्या सुरुवातीचा; वाटेतल्या वादळांत त्यातली शेकडो गेली. उरलेली कितीही धरा, बाकीच्यांना मागे ताटकळत राहणं भागच.

जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पाण्याच्या पातळीला काशाचं टोक बसवलेलं असे. शत्रूच्या कुशीत ते घुसवायचं आणि लगेच वल्ही उलटी मारून मागे सरायचं, नाहीतर दोन्ही जहाजं अडकतात. फुटलेलं जहाज लाकडाचं असल्यामुळे तळाला जात नाही. पाणी भरून तिथेच तरंगतं आणि वाट अडवतं. पुढची इराणी जहाजं माघारी वळली तेव्हा मागची पुढेच घुसत होती, कारण इराणचा राजा झर्क्सीस किनाऱ्यावरच्या एगालिओस डोंगराच्या पायथ्याशी बसून पाहत होता आणि राजाच्या नजरेत भरायची प्रत्येकाला घाई. त्या गर्दीत इराण्यांकडून लढणाऱ्या हालिकार्नाससच्या राणी आर्टेमिसियाने पाठलाग चुकवायला स्वतःच्याच बाजूचं जहाज फोडलं. राजाला ते शत्रूचं वाटलं आणि तो खूश झाला! हिरोडोटस आणखी एक गोष्ट सांगतो: ग्रीकांना पोहता येत होतं, म्हणून जहाज फुटलं तरी ते सलामिसला लागले, समोरच्यांपैकी बरेच बुडाले.

अथेन्सकडे ही जहाजं आली कुठून, असाही प्रश्न पुढे येतो. अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरिऑनच्या खाणीत चांदी सापडली तेव्हा ती माणशी दहा द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी) वाटून टाकायचा बेत होता. त्याऐवजी जहाजं बांधा, हे थेमिस्टोक्लीसने लोकांच्या गळी उतरवलं. माझ्या मते त्याची खरी करामत ही. रात्रीचा निरोप त्यापुढे किरकोळ.

सलामिसने युद्ध मात्र संपलं नाही. झर्क्सीस परतला, पण त्याचा सेनापती मार्दोनियस फौज घेऊन मागे राहिला आणि इ.स.पू. 479 मध्ये त्याने अथेन्स पुन्हा घेतलं. त्याला संपवायला प्लॅटियाच्या मैदानावर पायदळच उतरवावं लागलं.