थ्रॉटल बॉडीची घरच्या घरी सफाई

पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) खालीवर होऊ लागले किंवा एसी लावताच इंजिन बंद पडू लागले, तर इंजेक्टरवर (इंधन फवारणाऱ्या भागावर) खर्च करण्याआधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग, तपासावी, असे माझे ठाम मत आहे. क्रँककेसमधील (इंजिनच्या खालच्या कप्प्यातील) तेलाची वाफ ती बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही नळीवाटे हवेच्या मार्गात येते आणि झडपेच्या कडेला काळा, चिकट थर साचतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, झडप जेमतेम उघडी असल्याने तेवढा थरही हवा अडवण्यास पुरेसा ठरतो.

इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, एअर फिल्टरकडून येणाऱ्या नळीचा क्लॅम्प सैल करावा. थ्रॉटल बॉडी क्लीनर थेट आत फवारण्यापेक्षा, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन झडपेची कड आणि आतील भिंत पुसणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण मोटर किंवा सेन्सरमध्ये द्रव शिरला तर अख्खा भाग बदलण्याची वेळ येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक झडपेवर बोटाने जोर देऊ नये. तिचे गिअर नाजूक असतात. काही थ्रॉटल बॉडींना आतून विशेष लेप असतो, म्हणून सँडपेपर आणि कार्ब्युरेटर क्लीनर कटाक्षाने टाळावेत.

सफाईनंतर आरपीएम चढे राहिले तर घाबरू नये. साचलेल्या थरासह पुरेशी हवा मिळावी म्हणून ईसीयूने (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाने) झडप थोडी जास्त उघडी ठेवायला सुरुवात केलेली असते. काही गाड्यांत ते चालवता चालवता पूर्ववत होते, तर काहींत स्कॅनरने आयडल रीलर्न, म्हणजे ईसीयूला झडपेची आयडलिंगची स्थिती नव्याने शिकवणे, करून घ्यावे लागते.