गुंड्याची कोरडी वाळू

रविवारी पहाटे माझा बोका गुंड्या चौथ्यांदा त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, तेव्हा मला वाटलं पोट साफ होत नसेल. आई म्हणाली, "थोडं एरंडेल दे." बरं झालं, दिलं नाही. वाळू बोटांनी चाळून पाहिली तर कोरडी ठणठणीत, ओलं ढेकूळ एकही नाही. रात्रीची सुकट बशीत तशीच. पोटाखाली हात घातला तर लिंबाएवढा टणक गोळा लागला आणि एरवी हूं की चूं न करणारा माझा बोका कळवळून ओरडला.

टोपलीत टॉवेल घातला, वरून ओढणी बांधली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. वाटेत तो अगदी गप्प होता, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

डॉक्टरांनी पोट चाचपून लगेच सांगितलं, लघवी तुंबलीय. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं त्यात बूच बसतं, मग रक्तात पोटॅशियम वाढून हृदयावर ताण येतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून सांगते, बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय आणि वाळू कोरडी आहे असं दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

भूल देऊन नळी घातली. पिशवीत लालसर लघवी उतरायला लागली तेव्हा मला रडूच फुटलं.

३ दिवसांनी तो घरी आला. आता सुकट बंद, ओलं खाणं, आणि घरात ३ ठिकाणी पाण्याची वाडगी. रोज सकाळी मी वाळूतली ढेकळं मोजते. आज ३ निघाली.