रात्री एकचं चांदणं

हस्तलिखित संपादकाच्या हाती द्यायला नऊ दिवस उरले होते. त्या दुपारी माझ्याकडे चार वाचक बसले होते, १३ ते १६ वयाचे. किशोरांसाठी रहस्यकथा लिहिते, म्हणून प्रत्येक कादंबरी छापायला जाण्याआधी त्या वयाच्या मुलांना वाचायला देते. मोठी माणसं गोष्टीच्या ओघात पुढे निघून जातात. मुलं बोट घालून मागची पानं पुन्हा उघडतात.

पहिला तासभर बरं चाललं होतं. कोणाचा संशय कोणावर, कुठे भीती वाटली, मधला भाग लांबलाय का. मग इतका वेळ गप्प असलेल्या १३ वर्षांच्या मुलीने वही उघडली.

"ताई, तिसऱ्या प्रकरणात अमावस्या आहे ना? म्हणून तर सगळे तारे बघायला गच्चीवर जातात. खून त्यानंतर पाचव्या रात्री होतो. मग रात्री एक वाजता चांदण्यात त्या साक्षीदार मुलीला खुन्याचा चेहरा दिसला कसा?"

मला उत्तर सुचेना. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळतो. अमावस्येला तो सूर्याबरोबरच जातो, म्हणजे पाचव्या रात्री सूर्यास्तानंतर चारेक तासांत क्षितिजाखाली. रात्री एकला आकाशात चंद्रच नाही. माझ्या भिंतीवर त्या रात्रीचा तक्ता लावलेला होता: कोण किती वाजता कुठे, कोणाच्या फोनची बॅटरी कधी संपली. (आजची मुलं नायक असली की फोनचा बंदोबस्त आधी करावा लागतो, नाहीतर एका कॉलमध्ये रहस्य संपतं.) मिनिटामिनिटाचा हिशेब होता. चंद्र मी फक्त प्रसंग सुंदर व्हावा म्हणून आणला होता.

चूक दुरुस्त करणं अवघड नव्हतं. रस्त्यावरचा दिवा लावला असता की झालं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. ती खोटं बोलतेय हे मला १४०व्या पानावरच कळलं. मग मी शेवटपर्यंत शोधत राहिले, ती कोणाला वाचवतेय. आणि शेवटी तुम्ही तिला खरीच ठरवलीत."

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा त्यातला एक. हा नियम मी कसोशीने पाळत आले आहे. पण या मुलीने माझ्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवून, १४०व्या पानापासून माझ्यापेक्षा चांगली कादंबरी मनात रचली होती. सोळा वर्षांची मुलगी पोलिसांसमोर खोटं का बोलते, हा प्रश्न माझ्या खुन्यापेक्षा कितीतरी मोठा होता. आणि मी तो विचारलाच नव्हता.

मुलं गेल्यावर संपादकाला फोन केला आणि दोन महिने मागितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दीड."

त्या मुलीच्या घरी फोन करून, आईची परवानगी घेऊन तिच्याशी बोलले. तिची कल्पना मी वापरली तर चालेल का, असं विचारलं. ती खूश झाली, पण एक अट घातली: "तिला शेवटी कोणी रागावायचं नाही. ती घाबरलेली होती."

अट मान्य केली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि साक्षीदार मुलीच्या बाजूने ती रात्र पहिल्यापासून मांडायला घेतली. खुनी बदलला, मागची अकरा प्रकरणं नव्याने लिहिली. १४०व्या पानावरचं चांदणं मात्र तिच्या तोंडी तसंच ठेवलं.