राजा बुधवारी काय करतो?

आम्ही कुडाळकडचे असल्यामुळे शिमग्यातले रोंबाट, म्हणजे सोंगांची मिरवणूक, मुलांनी आईच्या कडेवरूनच पाहिलेले आहे. त्यामुळे पणजीचा कार्निव्हल पाहायला मुलांना न्यायचे ठरवले, तेव्हा सासूबाईंनी विचारलेला प्रश्न अगदीच गैर नव्हता. "सोंगेच बघायची तर पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जायला कशाला हवे?" असे त्या म्हणाल्या. माझी मोठी बहीण पणजीजवळच्या ताळगावात राहते आणि तिचा आग्रह बरीच वर्षे चालू होता, एवढेच माझ्याकडे उत्तर होते.

गोव्यात या सणाला इंत्रुज म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून आला. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचे उपवास पाळतात आणि ते सुरू होण्याआधीचे शनिवार ते मंगळवार असे चार दिवस हा सण चालतो. जुन्या काळी घरोघरच्या मंडळींवर पिठाच्या, रंगाच्या कागदी पुड्या फेकून मारीत. हे मी बसमध्ये सांगत असताना नऊ वर्षांच्या थोरलीने ताबडतोब निकाल दिला, की हा तर शिमगाच झाला. रस्त्यावरून निघणारी चित्ररथांची मिरवणूक मात्र अलीकडची, मुक्तीनंतरची आहे. 1965 साली ती सुरू झाली आणि संगीतकार तिमोतेओ फर्नांडिस तेव्हा पहिले किंग मोमो झाले. मोमो हा चार दिवसांचा राजा असून खावे, प्यावे आणि मजा करावी एवढाच त्याचा हुकूम असतो. चार दिवसच राज्य असेल तर हा राजा बुधवारी काय करतो, असे थोरलीने विचारले. बुधवारी लोक चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून घेतात, तोही जात असेल, असे मी सांगितले. हे उत्तर तिला पटले नाही, पण शेजारच्या सीटवरच्या बाईंना हसू आले.

पणजीतल्या मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी एकच असतो असे नाही. त्या वर्षी ती मिरामारहून दोनापावलाकडे, म्हणजे समुद्राच्या कडेकडेने जायची होती. लहान मुले बरोबर असतील तर मिरवणुकीच्या वेळेच्या निदान दोन तास आधी, चित्ररथ जिथे रांगेत उभे करतात तिथे जावे, ही ताईची शिकवण होती, आणि आता माझेही तेच मत झाले आहे. मिरवणूक सुरू झाली की पाच वर्षांच्या मुलाला समोरच्या लोकांच्या पाठी तेवढ्या दिसतात. त्याला खांद्यावर घेऊन माणूस किती वेळ उभा राहणार? रांगेत उभ्या असलेल्या ट्रकभोवती मात्र तो मोकळा फिरू शकतो, शेपूट चिकटवून घेणारा मासा आणि मिशी लावून घेणारा कोळी त्याला हाताच्या अंतरावर दिसतात, आणि सोंग घेणारी माणसेही कंटाळलेली असल्यामुळे मुलांशी आनंदाने बोलतात.

आमचा धाकटा सोंगांना भितो. उंच काठ्यांवर चालणारा विदूषक दिसताच तो ताईच्या साडीत शिरला. पण पुढच्याच ट्रकवर झावळ्यांची झोपडी उभारलेली होती, तिच्या दाराशी एक म्हातारी खऱ्याखुऱ्या पाट्यावर नारळाचे वाटण वाटत बसली होती आणि त्याचा वास आल्याबरोबर तो बाहेर आला. झोपडीच्या दुसऱ्या बाजूला एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल धरून उभा होता. मागच्या टोपलीत पाव, उंडे आणि कांकणे होती. कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक, कुरकुरीत पाव. धाकटा टोपलीकडे टक लावून पाहतो आहे हे पाहून त्या माणसाने एक कांकण काढून त्याच्या मनगटात चढवले आणि हॉर्नचा रबरी गोळा त्याला दोनदा दाबू दिला. त्याच मनगटावर सकाळी मी बॉलपेनने माझा फोन नंबर लिहिला होता. तो आता कांकणाखाली झाकला गेला, आणि कांकण काढायला तर तो मुळीच तयार होईना.

मिरवणूक बरीच उशिरा सुरू झाली. सगळ्यांत पुढे मोमो होता. जाडजूड, मुकुट घातलेला, दोन्ही हातांनी लोकांना अभिवादन करणारा तो राजा मुलांना एकदम पसंत पडला. त्यानंतरचे मासेमारीचे, माडावर चढणाऱ्या रेंदेरांचे चित्ररथ उत्तम होते. जाहिरातींचे ट्रक मात्र कंटाळवाणे होते. त्यांच्यावर भिंतीएवढे स्पीकर आणि नाचणारी चार माणसे, याखेरीज काही नव्हते. असा एक ट्रक आमच्यासमोर नेमका अडकून थांबला, जमीन हादरू लागली आणि धाकट्याने कानांवर हात ठेवून भोकाड पसरले. कानात घालायला कापूस आणायचे मला सुचले नव्हते. थोरलीला ताईपाशी सोडून मी त्याला उचलले आणि सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर गेले.

झाडांपलीकडे गेल्यावर ताल तेवढा ऐकू येत राहिला, तोही शेजारच्या गावचा ढोल यावा तसा. ऊन उतरले होते, मांडवीच्या मुखाकडून वारा येत होता, आणि आमच्यासारखीच गर्दीतून निसटलेली आणखी काही कुटुंबे वाळूत बसली होती. चेहरा रंगवलेली दोन गोमंतकीय मुले खड्डा खणत होती. धाकटा काही न विचारता त्यांच्यात जाऊन बसला. अर्ध्या तासात तिघांनी मिळून एक लांबुळका ढिगारा रचला, त्यावर सुरूची फळे खोचली आणि तो चित्ररथ असल्याचे जाहीर केले. एक शिंपला मोमो झाला. रस्त्यावरच्या निम्म्या मिरवणुकीला आम्ही मुकलो, याचे मला तरी वाईट वाटले नाही.

अंधार पडायच्या आत निघायचे आम्ही आधीच ठरवले होते. तरीही ताळगावात पोहोचायला पाऊण तास लागला. थोरली मावशीला आपण मोजलेल्या चित्ररथांची संख्या सांगत होती आणि दर वेळी ती वाढत होती. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. मनगटातले कांकण त्याने वाटेत एका बाजूने कुरतडले होते, आणि त्या फटीतून माझ्या फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसत होते.